जुनं इंजिन चढवताना: सगळे सील बदलायचे, मोजकेच, की एकही नाही?

दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या गॅरेजात येऊन पडलं की मिस्त्री विचारतो, "पूर्ण गॅस्केट किट (सगळे सील आणि जोडांमधली पॅकिंग) मागवू, की आहे तसं चढवू?" मला दोन्ही पटत नाहीत. सील किती जुना आहे यापेक्षा इंजिन गाडीत बसल्यावर तिथे हात पोचेल का, हे बघून ठरवा.

आहे तसं चढवलं तर पैसे वाचतात आणि गाडी लवकर हातात येते. शिवाय विकणाऱ्याने हमी दिली असेल, तर इंजिन खोलल्यावर तो ती नाकारू शकतो. त्यामुळे कोणते सील बदलले तरी हमी टिकेल, हे आधी लिहून घ्या.

पण मागच्या क्रँक सीलवर, म्हणजे इंजिनाचा मुख्य शाफ्ट मागून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणाऱ्या रिंगवर, काटकसर नको. तो फ्लायव्हीलच्या मागे असतो. इंजिन खाली आहे तोवर क्लच आणि फ्लायव्हील काढलं की तो समोर दिसतो. गाडीत बसल्यावर त्याच स्वस्त सीलसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बरेच दिवस पडून राहिलेल्या इंजिनाचं रबर कडक होतं, आणि गळती इंजिन नीट तापल्यावर कळते. ते ऑइल क्लच प्लेटवर गेलं की घोडबंदरच्या गायमुख घाटात क्लच घसरायला लागतो. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवा. जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवा सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवा, किंवा शाफ्टवर स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, घाला. टेफ्लॉनचा सील मात्र कोरडाच बसतो, त्याला ऑइल लावायचं नाही.

पुढचा क्रँक सील आणि कॅम सील (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम शाफ्टचा) टायमिंग बेल्टसोबत बदला. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही तेव्हाच.

हेड गॅस्केटचं, म्हणजे सिलेंडरचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचं, उलट. किटमध्ये आलाय म्हणून हेड उघडू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, तपासा. सगळ्या सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास असतील तर हात लावू नका, कारण हेड उघडलं की फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का ते) तपासणं आलं आणि बऱ्याच इंजिनांत ताणले जाणारे हेड बोल्टही नवेच घ्यावे लागतात. एखादा सिलेंडर कमी निघाला तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलेंडर एकत्र कमी असतील तर गॅस्केटवर दाट संशय घ्या, आणि मग इंजिन घ्यायचं की परत करायचं हेही ठरवा.

ऑइल चेंबर मी उघडतोच, पॅकिंगपेक्षा आत डोकावण्यासाठी. तळाशी धातूची चमक दिसली तर बेअरिंग झिजलंय, आणि मग सीलवर खर्च करण्यात अर्थ नाही. बंद करताना सिलिकॉन पातळच लावा. आत आलेला जाड थर सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो.

टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग नंतरही बदलता येतं, पैसे कमी पडत असतील तर ते राहू द्या.

सुटे भाग मागवताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. इंजिनवर कोरलेला कोड आणि नंबर दाखवा, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात. त्याच नंबरची नोंद ठाणे किंवा वाशी, जिथे गाडी असेल त्या आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते, तेव्हा इंजिनाच्या खरेदीचं बिल जपून ठेवा.