घडीचा मॅग्नेटिक बोर्ड: एका हंगामाच्या वापरानंतर

बास्केटबॉलच्या चाली समजावून सांगायचा हा घडीचा मॅग्नेटिक बोर्ड मी गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवला. शालेय स्पर्धा तोंडावर होत्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलींकडून अटॅकच्या चाली बसवून घ्यायच्या होत्या. तोवर खडूनं कोर्टवरच आखून दाखवायचे. एक सर आली की सगळं वाहून जायचं. आता स्पर्धा संपल्या, उन्हाळी शिबिरही उरकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू साधी आहे. फाइलसारखी चेन, आत पूर्ण कोर्ट, मागच्या बाजूला अर्ध. १ ते ५ आकड्यांच्या निळ्या आणि लाल चकत्या, बॉलची एक छोटी पिवळी चकती, मार्कर. किंमत सहाशेच्या आत.

पैसे खरे वसूल झाले ते बेसलाइनवरच्या थ्रो-इनमध्ये, म्हणजे रिंगमागच्या रेषेबाहेरून बॉल आत टाकताना. तिथं सगळ्या आधी ठरलेल्या जागी उभ्या राहतात, त्यामुळे बोर्डावर दिसतं तेच कोर्टवर घडतं. आमची चाल एवढीच: चौघी चौकोनात, पाचवी बॉल घेऊन बाहेर. वरची मुलगी खाली येऊन खालचीच्या डिफेंडरला स्क्रीन लावते, म्हणजे तिच्या वाटेत उभी राहून तिला अडवते, खालची कोपऱ्यात पळते, आणि स्क्रीन लावणारी लगेच रिंगकडे वळते. पास द्यायला पाचच सेकंद असतात, तेव्हा याहून गुंतागुंतीचं काही सुचवूही नये. टाइम-आउट एका मिनिटाचा. मुली येऊन बसेपर्यंत, पाण्याची बाटली फिरेपर्यंत त्यातला तिसरा हिस्सा जातो. उरलेल्या वेळात तोंडानं सांगितलेलं निम्म्या जणींच्या डोक्यावरून जातं. चकत्या सरकवल्या की निदान आपला आकडा कुठं आहे, हे प्रत्येकीला दिसतं.

चालत्या खेळाचं मात्र वेगळं. फाइव्ह-आउट शिकवताना पाचही जणी थ्री-पॉइंट रेषेबाहेर, एकमेकींत चार-साडेचार मीटर अंतर; पास दे, रिंगकडे कट मार म्हणजे झटकन पळ, मोकळी झालेली जागा शेजारचीनं भर. बोर्डावर दहा मिनिटांत सगळ्यांच्या माना हलल्या, "कळलं, ताई." कोर्टवर गेल्यावर दोघी एकदम आत घुसल्या आणि एकमेकींवर आदळता आदळता राहिल्या. कारण सरळ आहे. बोर्डावर हात एक, चकती एका वेळी एकच हलते; खेळात पाचही जणी एकाच वेळी हलतात. त्यात लाल चकत्या बिचाऱ्या जागच्या जागी! त्यांना कुणी हातच लावत नाही, मग प्रत्येक चाल यशस्वी होणारच. व्हिडिओत बोर्ड घेऊन पंधरा-पंधरा चाली दाखवणाऱ्यांबद्दल म्हणून मला शंका वाटते.

यावर मला एक उपाय लागू पडला. लाल चकत्या बेंचवरच्या एका मुलीच्या ताब्यात दिल्या आणि सांगितलं, तुला वाटेल तशी अडव. पॉइंट गार्डनं, म्हणजे चाल सुरू करणारीनं, विंगवर (कोर्टच्या बाजूला) पास द्यायला बॉलची चकती उचलली, तशी हिनं लाल चकती मधल्या वाटेत सरकवली. बॉल तिच्या बोटांतच राहिला. दोन क्षण सगळ्या गप्प. मग विंगवर खेळणारी म्हणाली, "मग मी मागनं जाते ना," आणि तिनं आपली निळी चकती लालच्या पाठीमागून थेट रिंगखाली नेली. बॅकडोअर कट! मी तो शब्द अजून उच्चारलाही नव्हता. मग त्यांना प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाची गोष्ट सांगितली: अमेरिकन कॉलेजांच्या १९९६ च्या एनसीएए स्पर्धेत आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला त्यांनी ४३-४१ नं हरवलं, आणि शेवटची निर्णायक बास्केट अशाच बॅकडोअरवर आली. त्यानंतर लाल चकत्या कुणाकडे, यावरून रोज भांडणं. माझ्या मते बोर्डाचा हाच सगळ्यात चांगला वापर आहे; प्रशिक्षकानं हात मागे घ्यायचा.

पिक अँड रोल, म्हणजे बॉलवालीसाठी स्क्रीन लावून मग रिंगकडे वळणं, बोर्डावर शिकवायच्या फंदात पडू नका. स्क्रीन लावणारी पाय रोवून स्थिर हवी, नाहीतर फाउलची शिट्टी वाजते. ड्रिबल करणारीचा खांदा तिच्या कमरेला घासून गेला पाहिजे, नाहीतर डिफेंडर मधून निसटतो. चकत्यांना ना खांदा ना कंबर. हे कोर्टवर, आधी चालत, मग धावत, मग डिफेंडर उभा करूनच येतं.

आता तक्रारी. पहिली गंभीर: बोर्डावर छापलेला पेंट, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला भाग, जुना आहे, बेसलाइनकडे पसरत जाणारा. फिबानं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेनं) तो २०१० मध्येच बदलला. आता सरळ आयत असतो, ४.९ मीटर रुंद. जुना बेसलाइनला ६ मीटर होता, म्हणजे पोस्टवरची (रिंगजवळ पेंटच्या कडेला उभी राहणारी) मुलगी बोर्डावर दाखवल्याप्रमाणे उभी राहिली तर खऱ्या कोर्टवर प्रत्येक बाजूला अर्धा मीटर जास्तच बाहेर जाते. आमच्याकडच्या एक-दोन जुन्या मैदानांवर अजून तसाच पेंट रंगवलेला आहे, त्यामुळे मुलींचा गोंधळ आणखी वाढतो. मी पर्मनंट मार्करनं सरळ रेषा मारून घेतल्या. दिसायला वाईट, पण काम भागतं.

दुसरी, मधली घडी. चकती नेमकी मधल्या रेषेवर आली की डुगडुगते. आम्ही बहुतेक वेळ अर्ध्या कोर्टची बाजू वापरतो, म्हणून फारसं अडत नाही. तिसरी, सोबतचा मार्कर. एप्रिलच्या उन्हात त्याची शाई बोर्डावर अशी बसली की ओल्या फडक्यानंही निघेना; शेवटी सॅनिटायझर लावून घासलं. बॉलची पिवळी चकती दिवाळीच्या आधीच हरवली. सध्या आमचा बॉल म्हणजे कुणाच्या तरी फ्रिजवरचा हापूस आंबा आहे.

मोबाइलवरचं एक फुकट ॲपही मध्यंतरी वापरून पाहिलं. त्यात पाचही खेळाडू एकदम हलतात, ही जमेची बाजू, आणि चाल घरच्या ग्रुपवर पाठवता येते. पण संध्याकाळच्या उन्हात पडदा दिसत नाही, आणि बारा डोकी एका मोबाइलवर वाकली की मागच्या चौघींना फक्त वेण्या दिसतात.

घेणार असाल तर फोटो मोठा करून पेंटचा आकार आधी पाहा, आणि शक्य असल्यास ए४ पेक्षा मोठा घ्या. माझा ए४ आहे, बाराजणींना कमी पडतो. चेन अजून शाबूत आहे. पाचपैकी साडेतीन तारे; योग्य पेंट छापला असता तर चार दिले असते.