पांढरकवड्याच्या पट्ट्यातली नवी निवासी शाळा: वर्ग तयार, वसतिगृह नाही

पाचवी ते आठवी, १२० निवासी विद्यार्थी, त्यात ६० मुली. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे हाताशी थोडे दिवस आहेत. तेवढ्यात वर्ग भरतील. मुलांना रात्री ठेवण्याइतकी तयारी मात्र होईल असं दिसत नाही.

वर्गखोल्या चांगल्या आहेत. काळ्या मातीवरचं बांधकाम असूनही जोत्याभोवती उताराचा काँक्रीट पट्टा दिलाय, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्याखालची मान्यता आहे, शाळांच्या सरकारी नोंदीतला यू-डायस क्रमांक आहे, शिक्षकही नेमलेत.

खरी अडचण पाण्याची. निवासी मुलामागे दिवसाला १३५ लिटर धरले तर १६,२०० लिटर लागतात. टाकी १०,००० लिटरची आणि बोअर एकच. रात्री लाइट गेली की सकाळी नळ कोरडे. जनरेटर आहे, पण तो जोडलाय ऑफिस आणि कॉम्प्युटर लॅबला. पंपाला नाही! पाण्याच्या तपासणी अहवालात क्षारांचा रकाना आहे, जिवाणूंचा आहे, फ्लोराइडचा रकानाच नाही. ज्या भागात हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं तिथे ही चूक लहान नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. व्हरांड्यात लावलेला यूव्ही फिल्टर जंतू मारतो, फ्लोराइड काढत नाही. त्यासाठी आरओ किंवा सक्रिय अॅल्युमिनाची गाळणी लागेल, तीही तपासणी झाल्यावर.

मुलींच्या मजल्यावर न्हाणीघरं ६. एकीला ८ मिनिटं धरली तरी शेवटची मुलगी ८० मिनिटांनी बाहेर पडते. प्रार्थना साडेसहाला. म्हणजे पाचला उठवा, नाहीतर अर्ध्याजणी पारोशा. आणखी ४ न्हाणीघरं बांधायला जागा आहे.

याच मजल्याला जिना एक, त्याच्या तळाशी सरकता लोखंडी दरवाजा. रात्री त्याला कुलूप आणि किल्ली अधीक्षिकेकडे, जिची खोली दुसऱ्या टोकाला. खिडक्यांना पक्के गज. आग लागली तर मुली निघणार कुठून? बाहेरून बंद पण आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी हवी आणि मागच्या बाजूला दुसरा जिना. भिंतीवर लटकवलेली अग्निशामक नळकांडी ही उणीव भरून काढत नाहीत.

मुलांच्या दालनात पलंग अजून आलेले नाहीत, तोवर गाद्या जमिनीवर टाकू म्हणतात. मागे स्वयंपाकघरालगत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग, पलीकडे वावर. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच जास्त चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते, मुलगा पोट दुखतं म्हणतो, मग पापण्या जड होतात. तिथे हळद-चुना करत बसलं की वेळ गेली. ढीग हलवा, दाराखालची फट बुजवा, पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिसर्पविष) असलेलं जवळचं रुग्णालय आणि रात्री निघू शकणारी गाडी यांचे नंबर अधीक्षकाच्या दारावर हवेत. सध्या तिथे वेळापत्रक आहे.

कुलर लोखंडी बॉडीचे, अर्थिंग नसलेले. ओल्या हाताने टाकीत पाणी भरणारी मुलं आणि असे कुलर एकत्र नकोत. वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअॅम्पिअरचा स्विच प्रत्येक दालनाला बसवायचं काम एका दिवसाचं आहे, ते राहिलंच कसं, कळत नाही.

स्वयंपाकाला बाया दोन. प्रत्येकी ३ पोळ्या धरल्या तरी एका वेळच्या ३६० होतात. दोघींच्याने ते होणार नाही. मग पोळीच्या जागी रोज भात येतो आणि पालकांच्या तक्रारी सुरू होतात. बाकी भांडी, शेगड्या, कोठीघर उत्तम.

दिवसाची शाळा ठरल्या तारखेला उघडायला हरकत नाही. निवासी प्रवेश मात्र फ्लोराइडचा अहवाल, दुसरा जिना, पलंग आणि पंपाची जनरेटरला जोडणी हे सगळं झाल्यावरच द्यावेत. पालकांनी फी भरण्याआधी अहवालाची प्रत मागावी आणि वसतिगृह एकदा रात्री आठनंतर जाऊन पाहावं.