भारत गृह रक्षा पॉलिसी: पुराच्या क्लेमनंतरचा माझा अनुभव

घराच्या विम्याची ही पॉलिसी चांगली आहे, पुन्हा घेतली आहे आणि तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी असं माझं मत आहे. पण कंपनीने सुरुवातीला कळवलेली रक्कम पाहून गप्प बसले असते, तर पावणेदोन लाखांहून जास्त रकमेवर पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर पुण्यात, सिंहगड रोडला एकतानगरी परिसरात. २५ जुलै २०२४ ला पहाटे मुठेचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये ते कमरेपर्यंत होतं. पॉलिसीचं दुसरं वर्ष चालू होतं.

भारत गृह रक्षा ही कुठल्या एका कंपनीची योजना नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी देणं बंधनकारक केलं आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळं त्यात येतं. विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. जमीन वाहून जात नाही, त्यामुळे तिचा विमा नसतो. आमचा कार्पेट एरिया ६२० चौरस फूट. त्याला २,४०० रुपये बांधकाम दर धरून १४ लाख ८८ हजार झाले. घरातल्या सामानासाठी याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ९७ हजार ६०० रुपये, आपोआप मिळतात. ही आपोआपची मर्यादा १० लाखांपर्यंत जाते आणि त्याहून जास्त हवं असेल तर सामानाची यादी देऊन वाढवता येतं. हप्ता वर्षाला हजाराच्या आत. लोक बाजारभाव ऐकून घाबरतात आणि विमाच काढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पाणी ओसरल्यावर घरात घोटाभर चिखल होता. सोसायटीला दुर्गंधीमुळे सगळं लगेच बाहेर काढायचं होतं, कचरा उचलणाऱ्या गाड्याही दारात होत्या. आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, येईपर्यंत तर वस्तू दिसायला हव्यात. मार्ग असा काढला: आधी कंपनीच्या क्रमांकावर फोन, लगेच ईमेल, आणि त्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं की आरोग्याच्या कारणाने गाद्या, उशा, धान्य टाकून द्यावं लागत आहे. प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर वेगळा टिपला. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिच्याशेजारी मेजपट्टी धरून फोटो घेतला. पुढे पाण्याच्या उंचीवरून वाद झाला तेव्हा तो एक फोटो पुरेसा ठरला. सरकारी पंचनाम्याची प्रतही जोडली. सरकारी मदत वेगळी आणि विमा वेगळा, पण पंचनाम्यामुळे पूर आला होता हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. आमच्याकडे सर्व्हेअर वेळेत आले, माणूस सभ्य होता, मोजमापं नीट घेतली. पण पुराचं नुकसान एका भेटीत दिसत नाही. किचन ट्रॉलीचं प्लाय नंतर फुगलं, सनमायका सुटला, खालच्या सॉकेटमधली वायरिंग हिरवी पडली, प्लास्टर पोकळ वाजायला लागलं. हे जसजसं दिसत गेलं तसतसं जुन्याच ईमेलच्या साखळीत फोटोंसह पाठवलं आणि अहवाल अंतिम करण्याआधी पुन्हा पाहणी मागितली. ती झाली.

आमचा एकूण दावा ५ लाख २० हजारांचा. कंपनीकडून ईमेल आला तो २ लाख ६१ हजारांचा, सोबत सहीसाठी डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे ही रक्कम अंतिम म्हणून मान्य असल्याचा कागद. रक्कम कशी काढली याचा एक शब्द नाही. फोनवर सांगितलं गेलं की सही केली तर पैसे लवकर येतील.

सही केली नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागितली. विमेदाराला ती मागण्याचा हक्क आहे, हे कुणी आपणहून सांगत नाही. प्रत हातात आल्यावर सगळं उघड झालं. सात वर्षांचा फ्रिज होता. तसाच नवा ३२ हजारांना, मंजूर १६ हजार, कारण ‘घसारा ५० टक्के’, म्हणजे वस्तू जुनी म्हणून केलेली वजावट. सोफा, पलंग, वॉशिंग मशीन, सगळ्यांना हाच न्याय. माझ्या पॉलिसीत मात्र दुरुस्तीचा खर्च किंवा तशीच वस्तू बदलून घेण्याचा खर्च असं लिहिलेलं आहे. मी एकच प्रश्न विचारला: ही टक्केवारी पॉलिसीच्या कोणत्या कलमातून आली? कलम क्रमांक द्या. तो क्रमांक शेवटपर्यंत आला नाही.

दुसरी ओळ ट्रॉल्यांची. भिंतीत बसवलेल्या ट्रॉल्या आणि कपाटं ‘सामाना’त धरली होती, त्यामुळे सामानाची २ लाख ९७ हजारांची मर्यादा ओलांडली जाऊन वरचे पैसे कापले गेले. कायमच्या जोडलेल्या गोष्टी इमारतीचा भाग असतात. त्या तिकडे हलवल्या की मर्यादेचा प्रश्नच उरत नव्हता. तिसरी ओळ ‘अंडरइन्शुरन्स’ची, म्हणजे विमा खऱ्या खर्चापेक्षा कमी रकमेचा असल्याची: बांधकामाचा दर आता जास्त आहे, म्हणून दावा त्या प्रमाणात कमी. भारत गृह रक्षामध्ये ही कपात लागू होतच नाही, हे या पॉलिसीचं सगळ्यात मोठं बलस्थान आहे. जुन्या फायर पॉलिसीची सवय अहवाल लिहिताना तशीच राहिली असावी.

सगळंच माझ्या बाजूने नव्हतं आणि ते रास्त होतं. जुन्या ट्रॉल्या साध्या प्लायच्या होत्या, नव्या मी वॉटरप्रूफ प्लायच्या केल्या. त्यातला फरक मिळाला नाही. भंगाराची किंमत वजा झाली. न भिजलेल्या छताचा रंग नाकारला. पुरात हरवलेली रोख रक्कम या पॉलिसीत येत नाही आणि दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. उलट मलबा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. ती मी मागितली आणि मिळाली. घटनेनंतर ७ दिवसांत त्याच कारणाने झालेली चोरीही यात येते. दारं मोडून पडलेली असताना ही तरतूद किती मोलाची आहे ते पूरग्रस्तालाच कळेल.

हे सगळं ओळीवार लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवलं. डावीकडे अहवालातली ओळ, मध्ये पॉलिसीचं कलम, उजवीकडे बिल. राग, दुःख, घरातली आजारपणं यातलं काहीही त्यात घातलं नाही. उत्तर समाधानकारक नसतं तर पुढचा दरवाजा विमा लोकपालाचा होता. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. माझ्या पत्राच्या शेवटी हे नमूद केलं होतं. सुधारित मंजुरी ४ लाख ३८ हजारांची आली आणि खात्यात जमाही झाली.

शेजारच्या काकांचा अनुभव वेगळा. त्यांचा विमा गृहकर्जासोबत बँकेने काढून दिलेला. त्यात फक्त इमारत होती, सामान नव्हतं, आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने रक्कम आधी कर्जखात्यात गेली. त्यांच्या गाद्या आणि फ्रिज खिशातूनच आले. कर्जासोबतचा विमा असेल तर आजच कागद काढून सामानाचा रकाना आणि बँकेचं कलम बघा. सोसायटीची लिफ्ट, मीटर रूम, पंप यांचं नुकसान आपल्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी सोसायटीचा स्वतंत्र विमा लागतो. आमच्याकडे तो नव्हता, यंदाच्या वार्षिक सभेत ठराव करून घेतला.

नूतनीकरण करताना मी तीन गोष्टी बदलल्या. बांधकाम दर आजच्या भावाने लावून घेतला, सामानाची यादी देऊन ती मर्यादा ५ लाख केली आणि घर राहण्याजोगं नसताना भाड्याने राहावं लागलं तर त्या खर्चाची तरतूद नीट तपासून घेतली. कंपनी मात्र तीच ठेवली, कारण मसुदा सगळीकडे एकच आहे आणि इथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने शेवटी कागद वाचून निर्णय दिला.