सातपुड्यातील पाड्यावरचा आरोग्य व पोषण दिन: एका सेवेचे परीक्षण

महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत भरणारा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन ही सरकारी आरोग्ययंत्रणेची सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सेवा आहे. आरोग्य सेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका एकत्र बसतात आणि गरोदर बाईची तपासणी, बाळाचे लसीकरण, मुलांची वजने व आहाराविषयीचे बोलणे एकाच फेरीत होते. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे तिथे या एका दिवसावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुढील परीक्षण सातपुड्यातील अशाच एका गावातील सेवेचे आहे.

तपासणीचा दर्जा चांगला आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. वजनकाटा चालू होता, लसींची पेटी बर्फाच्या पॅकसह वेळेवर आली आणि रक्तदाब व हिमोग्लोबिन प्रत्येक गरोदर बाईचे तपासले गेले. सहा महिन्यांवरील मुलांच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजला गेला. हा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीच्या लाल भागात आला, तर मूल तीव्र कुपोषित धरतात आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित. लाल पट्ट्यात आलेल्या मुलाच्या आईला सेविकेने बाजूला बसवले, बाळाची भूक कशी आहे, जुलाब किंवा ताप होता का, हे विचारले आणि मुलाला पुढे कुठे न्यायचे ते सांगितले. त्या बोलण्यात कुठेही दरडावणी नव्हती. गरीब बाईशी सरकारी कामकाजात कोणत्या सुरात बोलले जाते यावर ती पुढच्या महिन्यात येणार की नाही हे ठरते, म्हणून मी या गोष्टीला उपकरणांइतकेच महत्त्व देतो.

सिकलसेलच्या चाचणीबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा हा रक्ताचा आनुवंशिक आजार भिल्ल आणि पावरा समाजांत आढळतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत निकाल देते, पण रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच ती सांगते. माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे दोष एकाच पालकाकडून आला आहे) की प्रत्यक्ष रुग्ण, हे कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पहिली चाचणी इथे व्यवस्थित होते. दुसरा अहवाल पाड्यावर कोण आणून देणार आणि तो समजावून कोण सांगणार, याचे उत्तर मात्र मला तिथे कुणाकडूनच मिळाले नाही. ही मोठी त्रुटी आहे. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, तर रुग्णाला नियमित औषध आणि देखरेख लागते. रुग्णाला लोहाच्या गोळ्याही सरसकट देऊन चालत नाही, आधी त्याच्या शरीरात लोहाची कमतरता खरोखरच आहे का ते पाहावे लागते. अर्धवट निकाल हाती असलेले कुटुंब यांतले काहीच ठरवू शकत नाही.

या त्रुटीचा भार बायकांवर जास्त पडतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. म्हणजे आजारी बाळाकडे जनुकातला दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. तरीही घरात बोल लागतो तो सुनेला. तिथल्या आशाताईंनी हे तुरीचे आणि ज्वारीचे दाणे घेऊन, एक दाणा दोषाचा आणि दुसरा निरोगी मानून, पावरी बोलीत समजावले: आईपुढे एक तूर आणि एक ज्वारी, वडिलांपुढेही तसेच, आणि प्रत्येकाकडून एकेक दाणा उचलत चारही जोड्या मांडून दाखवल्या. एका सासूबाईंनी तो खेळ पुन्हा मांडायला लावला आणि वडिलांच्या बाजूचा दाणा स्वतः उचलून पाहिला. मी आजवर पाहिलेल्या आरोग्यशिक्षणात याच्या तोडीचे काही नाही. ते आशाताईंचे स्वतःचे आहे, कुठल्या भित्तिपत्रकावरचे नाही.

आता सेवेच्या मुख्य उणिवेकडे येतो. दिवसअखेर रजिस्टरात आलेल्यांची संख्या भरली जाते आणि ती चांगली असते, पण ही माणसे कुठून आली हे पाहिले तर बहुतेक जण अंगणवाडीच्या आसपासच्या घरांतले निघतात. नाल्यापलीकडच्या वरच्या पाड्यावरून येणाऱ्या बायका थोड्या, आणि पावसाळ्यात तर जवळजवळ नाहीतच. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिले होते की, चांगली आरोग्यसेवा मिळण्याची शक्यता लोकांच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते. ते बाजारावर चालणाऱ्या आरोग्यसेवेबद्दल अधिक कठोरपणे बोलत होते. पण फुकट सेवेतसुद्धा वाट, नाला आणि बुडालेली मजुरी ही किंमत शिल्लकच राहते, आणि ती सर्वांत दूरच्या बाईला सर्वांत जास्त पडते. डोंगराळ व आदिवासी भागात ५,००० ऐवजी ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष याच विचारातून आला आहे. तोच विचार गावाच्या आत, पाड्यापाड्यांतही लागू झाला पाहिजे: एका महिन्याआड हा दिवस वरच्या पाड्यावर भरवावा.

वेळेचेही तसेच आहे. हा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी येत असल्याने ज्यांना विकायला काही आहे त्या बायका सकाळीच खाली उतरलेल्या असतात. आडोशाचीही उणीव आहे: पोट तपासण्यासाठी नुसती साडी बांधली होती, तिथे नीट पडदा हवा.

दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. त्या काळात रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा पडतो. गरोदर बाई गेली, तिच्यासोबत माता व बाल संरक्षण कार्ड गेले का, पुढच्या महिन्यांच्या गोळ्या दिल्या का, बाळाची कोणती लस कधी द्यायची हे कुणी सांगितले का, याची नोंद नाही. निघण्याआधीच्या महिन्यात खास एक दिवस फक्त जाणाऱ्या कुटुंबांसाठी ठेवला तर हे काम होण्यासारखे आहे, आणि त्याला नवा कर्मचारी लागत नाही.

पोषणाचा सल्ला मात्र मला अपुरा वाटला. हिरव्या भाज्या, दूध, फळे खा, असे सांगितले गेले. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये हेही सांगितले, आणि ते उपयोगाचे आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतून आलेल्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने आरोग्य संवर्धनाची पाच कामे सांगितली, त्यांत माणसाला माहिती व कौशल्य देणे हे केवळ एक आहे. आरोग्याला पोषक धोरण, पोषक परिसर, समाजाची स्वतःची कृती आणि सेवेची नवी मांडणी ही उरलेली चार. हातपंप उन्हाळ्यात आटतो त्या पाड्यावर हात धुण्याचा उपदेश करण्यापेक्षा पंपाचा प्रश्न ग्रामसभेत मांडणे हेही आरोग्यसेवेचेच काम आहे. दुधाऐवजी शेवग्याचा पाला, अंबाडी, तूर यांविषयी बोलले असते तर बायकांनी अधिक लक्ष देऊन ऐकले असते, कारण या गोष्टी त्यांच्या बांधावर आहेत.

एवढ्या उणिवा सांगूनही, ज्यांच्या घरी गरोदर बाई किंवा लहान मूल आहे त्यांनी हा दिवस चुकवू नये, असेच माझे मत आहे. जाताना कार्ड न्यावे आणि सिकलसेलची पहिली चाचणी झालेली असेल तर दुसऱ्या अहवालाची तारीख कार्डावर लिहून मागावी. पडद्याचा खर्च ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या, निधीतून होऊ शकतो. हा दिवस वरच्या पाड्यावर भरवण्याची आणि तो बाजाराच्या दिवशी न ठेवण्याची मागणीही याच समितीकडे लेखी द्यावी, आणि तिच्यावर वरच्या पाड्यातील बायकांच्या सह्या आधी घ्याव्यात.