दुसऱ्याच्या जप्तीत आपला माल अडकला तर: हरकत अर्ज टाकायचा की पैसे भरून सोडवायचा?

इचलकरंजीत माझी सुताची छोटी पेढी आहे, स्वतःचे माग नाहीत. सूत घ्यायचं, सायझिंगला (सुताला खळ लावणारा कारखाना) देऊन बीमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ) भरून घ्यायची आणि खर्चीवाल्याच्या कारखान्यात मजुरीने विणून घ्यायची, एवढाच धंदा. म्हणजे माझा निम्मा माल कायम दुसऱ्याच्या छपराखाली असतो, आणि त्या छपराच्या मालकाचं बाहेर कुठे काय देणं तुंबलंय हे मला कळायला काही मार्ग नाही. कळतं ते एकदम कोर्टाचा बेलीफ जप्तीला आला की.

माझ्यावर ही वेळ दोनदा आली, एकाच कारखान्यात. पहिल्या वेळी पैसे भरून माल सोडवला, दुसऱ्या वेळी हरकत अर्ज टाकला. म्हणून दोन्हीबद्दल सांगू शकतो असं मला वाटतं. वकील नाहीये मी, तेव्हा तुमच्या केसला तुमचा वकील सांगेल तेच खरं, पण वकिलाकडे जायच्या आधी डोक्यात काहीतरी चित्र असलेलं बरं असतं.

तिसरा एक सल्ला हमखास मिळतो तो आधी बाजूला करतो. "वेगळा दावा टाका, मालकी ठरवून घ्या, मनाई हुकूम घ्या." जुनी माणसं हे सांगतात कारण पूर्वी तसंच होतं, हरकत फेटाळली की वर्षाच्या आत वेगळा दावा. १९७६ च्या दुरुस्तीने (अंमल फेब्रुवारी १९७७ पासून) ते बदललं. आता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ५८ खाली, जिथे दरखास्त (डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या निवाड्याच्या, वसुलीचं काम) चालू आहे त्याच कोर्टाने मालकीसकट सगळं ठरवायचं आणि त्या हुकमाला डिक्रीचीच किंमत, अपीलही तसंच. वेगळा दावा उरला तो फक्त तुमचा अर्ज कोर्टाने ऐकायलाच नकार दिला तर, म्हणजे माल आधीच विकला गेला असेल किंवा तुम्ही मुद्दाम किंवा विनाकारण उशीर केलात असं कोर्टाला वाटलं तर. तेव्हा तो पर्याय म्हणून धरूच नका. बँकेने सरफेसीखाली (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) ताबा घेतला असेल तर गाडी वेगळ्याच रस्त्याला लागते, तिथे ४५ दिवसांत डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, त्याबद्दल मला अनुभव नाही.

आता पहिली वेळ. कारखाना ज्यांचा त्यांना आम्ही तात्या म्हणतो, कापड एकदम स्वच्छ, म्हणून माझं काम त्यांच्याकडे. एका सुट्या भागांच्या दुकानदाराची त्यांच्यावर डिक्री झालेली, खर्च-व्याजासकट ७८ हजार. दिवाळीच्या आधीचे दिवस. तात्यांच्या दिवाणजीचा फोन आला, "शेठ, बेलीफ आलाय, बीमं उतरवायला लागलाय." मी पोचेपर्यंत चार बीमं आणि बाण्याच्या (आडव्या) सुताची दोन पोती पंचनाम्यात गेली होती. मी म्हटलं साहेब हे माझं आहे, तो म्हणाला कोर्टात सांगा. तो चुकला नव्हता म्हणा, मालकी ठरवणं हे बेलीफाचं काम नाहीच.

माझी ऑर्डर अडकलेली, आणि ७८ हजार म्हणजे ऑर्डर गेली असती तर त्याहून जास्त नुकसान. तिसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन कोर्टात गेलो, नाझरकडे (कोर्टात पैसे घेणारा अधिकारी) पैसे भरले, जप्ती उठली. डिक्रीची रक्कम खर्चासकट कोर्टात भरली की जप्ती उठलीच असं रूल ५५ मध्येच आहे, कुणाची मेहेरबानी लागत नाही. चौथ्या दिवशी बीमं परत मागावर. त्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत होतो की कोर्टकचेरी करण्यापेक्षा हे किती सुटसुटीत.

सुटसुटीत होतंच. भरणा थेट डिक्रीवाल्याच्या (ज्याच्या बाजूने डिक्री झाली त्याच्या) हातात केलात तर मात्र त्याची कोर्टात नोंद करून घ्या, नाहीतर दरखास्तीच्या दृष्टीने तुम्ही काही भरलंच नाही.

पण पावती. पावतीवर दरखास्त नंबर आणि पुढे तात्यांचं नाव. माझं नाव कुठेच नाही, आणि असायचं कारणही नाही, देणं त्यांचं होतं. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मार्चला अकाऊंटंटने विचारलं हे ७८ हजार कशात टाकू, मी म्हटलं टाक तात्यांच्या नावावर उसने. ते अजून तिथेच आहेत. करार कायदा १८७२ चं कलम ६९ सांगतं की दुसऱ्याचं देणं तुम्हाला तुमच्या हितासाठी भरावं लागलं तर ते त्याच्याकडून वसूल करता येतं. येतं की. त्यासाठी आधी दावा, मग डिक्री, मग दरखास्त, आणि शेवटी त्याच कारखान्यात मीच पाठवलेला बेलीफ, माझीच बीमं उतरवायला. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये, आपल्या नागपूरचे बोबडे सरन्यायाधीश होते तेव्हा, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं, आणि २०२५ मध्ये देशभरातली आकडेवारी मागवली तर ८ लाख ८२ हजारांच्या वर दरखास्ती पडून, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्या रांगेत जाऊन उभं राहायची मला हौस नव्हती.

तरी एवढंच असतं तर मी आजही म्हटलं असतं की भरा आणि सोडवा.

चौदा महिन्यांनी दुसरा डिक्रीवाला आला. ३ लाख १० हजार. या वेळी आठ बीमं आणि विणून झालेले बावीस तागे. एवढे पैसे भरणं शक्यच नव्हतं, मालच साधारण तेवढ्या किमतीचा. या वेळी मी वेळेत पोचलो आणि वकिलांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पंचनाम्यातच लिहून घ्यायला लावलं की सदर मालावर अमुक पेढीने हक्क सांगितला आहे, आणि खाली सही केली. बेलीफ थोडा कुरकुरला, पण लिहिलं त्याने. माल शेजारच्या कारखानदाराच्या ताब्यात सुपुर्तनाम्यावर (सांभाळायची लेखी हमी घेऊन) ठेवला आणि आम्ही रूल ५८ चा हरकत अर्ज टाकला. सोबत रूल ५९ खाली दुसरा अर्ज, की निकाल लागेपर्यंत लिलाव पुढे ढकला. हा दुसरा अर्ज विसरू नका. जंगम मालाचा लिलाव जाहीरनामा लागल्यापासून सात दिवसांनी होऊ शकतो (घर-जमिनीला पंधरा), आणि एकदा विकला गेला की तुमची हरकत ऐकतच नाहीत.

मग डिक्रीवाल्याचं म्हणणं आलं. त्यासोबत त्यांच्या वकिलांनी कागद जोडला होता तो पहिल्या जप्तीचा पंचनामा आणि माझीच ती ७८ हजारांची पावती. मुद्दा साधा होता. याच कारखान्यातून असाच माल आधी जप्त झाला, तेव्हा कुणीही हरकत घेतली नाही, देणेकऱ्याच्या नावे पैसे भरून माल सुटला, म्हणजे माल देणेकऱ्याचाच, आणि हा शेठ आता मागून उभा केलेला माणूस आहे.

उलटतपासात मी पिंजऱ्यात उभा होतो.

"या आधी याच कारखान्यातून माल जप्त झाला होता हे खरं आहे का?"

"हो."

"तेव्हा तुम्ही हरकत घेतली?"

"नाही."

"तो मालही तुमचाच होता असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"पावती कुणाच्या नावाची आहे ते कोर्टाला सांगा."

सांगितलं. ते सांगताना मला माझाच राग आला. ज्या गोष्टीला मी चौदा महिने सुटसुटीत म्हणत होतो ती माझ्याच विरुद्ध निशाणी (पुराव्याचा नंबर) पडून फाईलला लागली होती. पैसे माझे गेले होते, आणि वर ते पैसे भरले हाच माल माझा नसल्याचा पुरावा. मला हरकत अर्जाकडे झुकवलं ते या एका गोष्टीने, बाकी सगळे हिशोब दोन्हीकडे साधारण सारखेच पडतात.

वाचवलं ते बीमांच्या नंबरांनी. आता बघा, एका बीमात तीन मालक असतात, लोखंडी पाईप सायझिंगवाल्याचा, त्यावरचं सूत माझं आणि तो ज्या मागावर चढलाय तो माग तात्यांचा. कोर्टाला हे समजावताना आमच्या वकिलांचा घाम निघाला. पण सायझिंगवाला प्रत्येक बीमाच्या थाळीवर ऑइलपेंटने नंबर टाकतो, तोच नंबर त्याच्या बिलात, आणि तोच मी जीएसटीच्या जॉबवर्क चलनात लिहिलेला. पंचनाम्यात बेलीफानेही ते नंबर उतरवले होते, आठपैकी सात तरी. आठव्यावर रंग उडालेला. सात सुटली. तागे पण सुटले, कारण त्यांची लांबी आणि सुताचा हिशोब जुळत होता. आठवं बीम गेलं, त्याचं अपील करत बसलो नाही.

आता हरकत अर्जाची दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. सात महिने लागले, आणि मला सांगितलं गेलं की हे लवकरच झालं. कोर्ट फी नाममात्र होती, पण वकील, तारखा आणि तारखेला बुडालेला दिवस यांचा हिशोब मी मांडलेला नाही, मांडावासा वाटत नाही. त्यात पावसाळा आला. सायझिंगच्या खळीला ओल लागली की बुरशी धरते, दोन बीमांना धरली, नंतर मागावर चढवली तर धागा दर दहा मिनिटाला तुटायचा, कामगार वैतागले. ताग्यांना गंजाचे डाग, ते सेकंडमध्ये काढावे लागले. अंदाजे चाळीस हजारांचा फटका बसला असेल. म्हणजे माल नासका असेल, हंगामाचा असेल, तर हरकतीत जिंकून पण हरल्यासारखं होतं, हे मान्य करायलाच पाहिजे.

शिवाय पुरावा आपण द्यायचा असतो. बिल नाही, चलन नाही, सगळं विश्वासावर, अशी आपल्याकडे निम्मी पेठ आहे. तसं असेल तर अर्ज टाकून काय सिद्ध करणार? घरगुती सामानात तर अजून अवघड, भावाच्या देण्यापायी घरातला टीव्ही उचलला आणि तो तुम्ही घेतलाय, पण बिल कुठल्या साली टाकून दिलं ते आठवत नाही. (कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं यांना कलम ६० मुळे हातच लावता येत नाही, पण ते संरक्षण देणेकऱ्याचं, आपल्या सुताला त्याचा उपयोग शून्य.) घर-जमीन असेल तर उलट हरकतच बरी असं मला वाटतं, कारण तिथे वस्तू उचलून नेत नाहीत, नासत नाही, आणि खरेदीखत किंवा सातबारा असा कागद हातात असतो. जप्ती लागल्यानंतर केलेली खरेदी मात्र डिक्रीवाल्यापुढे टिकत नाही, २००२ नंतर एवढी सवलत आहे की करार जप्तीच्या आधी नोंदवलेला असेल तर चालतं. नोटरी केलेल्या साठेखतावर विसंबून राहू नका.

तर माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. ज्याच्याकडे माल ठेवलाय त्याचं एकच देणं आहे, ते छोटं आहे आणि तुम्ही त्याच्याकडे परत माल ठेवणार नाही, अशी खात्री असेल तर भरून मोकळे व्हा, मी नावं ठेवणार नाही. पण बेलीफ ज्याच्या दारात एकदा येतो त्याच्या दारात बहुतेक परत येतो, देणी एकेकटी नसतात. नवा डिक्रीवाला तुमच्या जुन्या हुकमाने बांधला जात नाही हे खरं, वकिलांनी मला ते स्पष्ट सांगितलंय. तरी फाईलमध्ये "माल या पेढीचा" असा कोर्टाचा कागद असणं आणि "पैसे तात्यांनी भरले" अशी पावती असणं यातला फरक मी पिंजऱ्यात उभं राहून बघितलाय.

तात्यांकडे अजून माल देतो. लोक हसतात, पण कापड तसं दुसरीकडे निघत नाही. फक्त आता बीम गाडीत चढायच्या आधी नंबराचा फोटो काढतो, आणि रंग उडालेला असेल तर सायझिंगवाल्याला तिथेच ब्रश हातात घ्यायला लावतो.

मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका तरुण व्यापाऱ्याचा फोन आला, दादा माझी दोन बीमं अडकलीत, देणं अठरा हजाराचं आहे, काय करू. मी म्हटलं अठरा हजारासाठी सात महिने घालवू नको, भर आणि सोडव. पण भरायच्या आधी वकिलाकडून एक पुरशीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल कर की माल माझा आहे, माझा हक्क राखून, नाइलाजाने भरतोय. दोन ओळींचा कागद आहे. तो म्हणाला, त्याची काय गरज, पावती मिळतेच की.

मी त्याला पेढीवर बोलावून घेतलं आणि माझी पावती दाखवली.