‘नाइट व्हिजन’ चष्मा : पिवळ्या काचांच्या नावाने झालेली फसवणूक

रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. या खऱ्या अडचणीवर खोटा उपाय विकणारे लोक कृषी प्रदर्शनांत, यात्रा-जत्रांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत सर्रास दिसतात. माझ्या वडिलांना असाच एक पिवळ्या काचांचा ‘नाइट व्हिजन’ चष्मा १,८०० रुपयांना विकण्यात आला. पैसे गेल्याचे दुःख थोडेच आहे. परंतु त्या चष्म्यामुळे त्यांच्या डोळ्यांचा आजार बराच काळ लक्षात आला नाही आणि एका रात्री त्यांच्या जिवावर बेतले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वडिलांनी साठी ओलांडली आहे. द्राक्षबागेच्या कामांमुळे पलूस-तासगाव रस्त्यावरून रात्री उशिरा परतणे त्यांना चुकत नाही. समोरच्याने डिपर दिला नाही की काही क्षण काहीच दिसत नाही, असे ते वारंवार सांगत असत. एका कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर पांढरा कोट घातलेल्या माणसाने नेमकी हीच तक्रार त्यांच्याकडून काढून घेतली आणि तीन प्रयोग करून दाखवले. पहिल्यांदा त्याने डोळ्यांवर पांढरी टॉर्च मारली. चष्मा लावताच ती सौम्य वाटली. मग एक छापील कार्ड पुढे केले, ज्यातले लपलेले चित्र केवळ त्या चष्म्यातून दिसत होते. शेवटी जांभळ्या प्रकाशाचा किरण काचेतून सोडला आणि तो पलीकडे पोहोचत नाही, हे दाखवले.

हे तिन्ही प्रयोग खरे होते, म्हणूनच कोणालाही शंका येत नाही. मात्र त्यांतून जे सिद्ध होते, त्याचा रात्रीच्या वाहनचालनाशी संबंध नाही. कार्डावरचे चित्र दिसते ते काच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणारी, असल्यामुळे. अशी काच दिवसा पाण्यावरून किंवा ओल्या डांबरावरून परावर्तित होणारी चकाकी कमी करते. समोरून थेट येणाऱ्या दिव्याचा प्रकाश मात्र पोलराइज्ड नसतो, त्यामुळे तिथे ती काच सरसकट निम्म्याच्या आसपास प्रकाश अडवण्यापलीकडे काही करत नाही. जांभळा किरण अडतो, कारण पिवळी काच निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश शोषून घेते. आणि टॉर्च सौम्य वाटते, कारण कोणत्याही गडद काचेतून ती सौम्यच वाटेल. उजेडात उभे असलेल्या ग्राहकाला अंधारातले काय दिसेनासे होईल, हे तो स्टॉल दाखवूच शकत नव्हता.

ते रस्त्यावर दिसले. ऊसतोडणीचा हंगाम चालू होता. आपल्या भागातल्या वाचकांना ठाऊक असेलच की, या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि अनेकांच्या मागे रिफ्लेक्टर नसतो. समोरून अप्पर लावून ट्रक येत होता आणि चष्म्यामुळे वडिलांना त्याचा प्रकाश खरोखरच सुसह्य वाटत होता. पण पुढे संथ चाललेली उसाची ट्रॉली त्यांना दिसलीच नाही. शेजारी बसलेल्या भावाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्याला ती आधी दिसली, तो ओरडला आणि गाडी साइडपट्टीवर उतरून थांबली. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतले तर भाऊ गाडीत नसता तर काय झाले असते, याचा विचार आजही सहन होत नाही.

त्यानंतर सांगलीला नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी केली, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी दिलेले स्पष्टीकरण प्रत्येकाला माहीत असायला हवे. गढूळ होऊ लागलेल्या भिंगात समोरच्या दिव्याचा प्रकाश विखुरतो आणि त्याचा पडदा दृश्यावर पसरतो; दिवसा नजर बरी असतानाही रात्रीचे दिपणे हे मोतीबिंदूचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. पिवळी काच हा पडदा आणि त्यामागची अंधूक वस्तू, दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात मंद करते. म्हणजे दोहोंतला फरक वाढत नाही, आणि जी वस्तू आधीच कशीबशी दिसत होती ती दिसेनाशी होते. शिवाय वाढत्या वयात डोळ्याचे भिंग स्वतःच पिवळसर होत जाते आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. ज्या डोळ्यांत मुळातच कमी प्रकाश पोहोचतो, त्यांच्यापुढे आणखी एक गाळणी लावून आम्हाला ‘सुरक्षितता’ विकली गेली.

बॉस्टनच्या शेपेन्स नेत्र संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी ही गोष्ट ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर तपासली होती आणि २०१९ साली ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : समोरच्या दिव्यांचा झोत असताना पिवळ्या चष्म्याने पादचारी लवकर दिसण्यास कोणतीही मदत झाली नाही. आमच्या चष्म्याच्या खोक्यावर ‘सीई’ ही युरोपीय खूण छापलेली होती आणि विक्रेता तिचाच दाखला देत होता. प्रत्यक्षात गॉगलच्या काचांसंबंधीच्या युरोपीय मानकानुसार ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आरपार जाऊ देणारी काच संधिप्रकाशात किंवा रात्री वाहन चालवताना वापरायचीच नसते.

त्याच टेबलावर हॅलोजनच्या जागी बसवायचे झगझगीत एलईडी बल्बही विकायला होते, याचा मला विशेष संताप आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात असा बल्ब बसवला की झोत बहुधा आखलेल्या मर्यादेत राहत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ नुसार दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असणे बंधनकारक आहे. म्हणजे लोकांचे डोळे दिपवणारी वस्तू आणि त्यावरचा बनावट इलाज, दोन्हींचा नफा एकाच गल्ल्यात जात होता.

वडिलांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची होईपर्यंत त्यांनी रात्री गाडी चालवणे बंद केले आहे. माझ्या स्वतःच्या बाबतीत पुढची काच आतून स्वच्छ पुसणे, आतल्या आरशाची रात्रीची कळ वापरणे, समोरून झोत आला की वेग कमी करून नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवणे, यांचा उपयोग होतो. दिपण्याचा त्रास नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढला असेल, तर आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परतू नये.

विक्रेत्याने आधी ‘सवय व्हायला वेळ लागतो’ असे सांगितले, नंतर फोन उचलणे बंद केले. पावती म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक नव्हता. तरीही यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, ‘रात्री अपघात टाळा’ असा दावा छापलेले माहितीपत्रक आणि खोके जपून ठेवल्यामुळे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांकडे आम्ही त्या स्टॉलधारकाचा नोंदणीकृत पत्ता लेखी मागितला असून, तो हाती आल्यावर आयोगाकडे अर्ज दाखल करणार आहोत.