जांबोटीच्या शिवारात .३१५ रायफल: वजन विचारण्याआधी हे वाचा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या चढणीवर शेती आहे, सुगीत रात्री राखणीला जावं लागतं आणि परवान्यावर रायफल लिहून मिळाली आहे, अशा माणसानं ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हलकी आहे म्हणून ती घेऊ नये. आमच्याकडं बंदूक घ्यायला निघालेला जो तो आधी वजन विचारतो. खांद्याला आणि डोळ्याला ती कशी बसते हे कुणी विचारत नाही, आणि रात्रीच्या अंधारात सगळं त्याच्यावरच असतं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट असताना हातात आली ती ७.६२ ची एसएलआर, पुढं इन्सास, दोन्ही लष्करी रायफली. दोन्ही चार किलोच्या वर. पेन्शनवर आल्यावर घरची बाराबोअर दुनळी माझ्या नावावर झाली, नंतर .३१५ घेतली. भात, नाचणा आणि काजूच्या बागेच्या राखणीला मी तीच नेतो. यंदा बहिणीच्या मुलाला रायफल घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर बेळगावला दुकानात गेलो आणि सगळं पुन्हा नव्यानं तपासून बघितलं.

पोराचा हट्ट एकच, हलकी पाहिजे. परदेशी रायफलींचे व्हिडिओ बघून त्याचं मन तिथं गेलेलं. फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट तीन किलोच्या आत आहे. अमेरिकेतल्या किंबरची डोंगरासाठी बनवलेली रायफल तर अडीच किलोच्याही आत. उत्तम हत्यारं आहेत ती. तिकडचा माणूस परवाना काढून शिकारीला जातो, दिवसभर डोंगर चढतो आणि बार टाकतो एखादाच. त्याला एक किलो कमी म्हणजे मोठा आराम. पण आपल्याकडं साध्या शेतकऱ्याला बाहेरून रायफल मागवायची वाट बंद आहे. उघडी असती तरी मी भाच्याला ती घेऊ दिली नसती. हलकेपणा शेवटी खांद्याला भोगावा लागतो. तीच गोळी साडेतीन किलोच्या रायफलीतून सुटली आणि अडीच किलोच्या रायफलीतून सुटली, तर दुसरीच्या धक्क्याची ताकद चाळीस टक्क्यांनी जास्त बसते. पहिला बार माणूस सोसतो. पुढच्या बाराला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, हात आखडतो आणि नळी खाली जाते. फायरिंग रेंजवर नव्या पोरांचं हे मी पुष्कळ बघितलं आहे, आणि एकदा बसलेली ती सवय मोडायला फार कष्ट पडतात.

.३१५ साडेतीन किलोच्या आतबाहेर भरते. हातात घेताच भाचा म्हणाला, "मामा, ही जरा जड लागतेय की." दुकानदार जाणता माणूस. तो म्हणाला, "हातात धरून कशाला बघतासा? खांद्याला लावा की." हेच खरं. आधी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडीचा खिळा, मागं ओढून खजिना, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे हे डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, टेकवायचा आणि डोळे उघडायचे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, मागच्या साइटच्या खाचेत आपोआप दिसली तर ती रायफल तुमची. मान वाकवून शोधावी लागली तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. दस्त्याची लांबी बघायला बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पेर चापावर सहज आलं पाहिजे. भाचा बुटका आहे, त्याला दस्ता लांब पडत होता. दस्ता जरा कापून मागं रबरी पॅड बसवायचं ठरलं, आणि तेवढ्यानं जड लागणारी रायफल त्याच्या हातात नीट बसणार आहे. भाताचा भारा डोक्यावर मध्यभागी बसला की मैलभर नेता येतो आणि एका अंगाला कलला की बांधावरच मान मोडतो, तसंच हे आहे. वजन मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, जवळ, दोन हातांच्या मध्ये असावं. नळीच्या टोकाकडं ओढणारी रायफल कितीही हलकी असली तरी चढण संपेपर्यंत दंड भरून येतो. रुंद पट्टा मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या. बारीक पट्टा खांद्यात रुततो, मग माणूस रायफल हातात धरून चालतो आणि घसरडीच्या वाटेवर तेच धोक्याचं.

आता बोल्टबद्दल. हिची घडण जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीची. दांडी फार वर उचलावी लागत नाही, मागं ओढून पुढं ढकलली की काम झालं. पुढं ढकलताना शेवटच्या टप्प्यात जोर लागतो, कारण स्प्रिंग तिथं ताणली जाते. मॉझर घडणीची रायफल चालवलेल्या माणसाला हे सुरुवातीला वेगळं वाटेल. मला ही चाल आवडते. दांडी उचलताना हात हलका राहतो, त्यामुळं रायफल खांद्यावरून न काढता पुढची गोळी भरता येते. डावखुऱ्या माणसाला मात्र ही रायफल मी सांगणार नाही.

मॅगझिन पाच गोळ्यांचं आहे, आणि इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही. .३१५ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढं आली पाहिजे. मागं राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढं जात नाही. अंधारात, पावसात, समोर डुकरांचा कळप असताना हे सोडवत बसणं नको. म्हणून घरी उजेडात, सावकाश भरा. राखणीवर मी खजिना रिकामाच ठेवतो, गोळ्या फक्त मॅगझिनमध्ये.

बाराबोअर सोडून रायफल का, असं गावातली माणसं मला विचारतात. माझं उत्तर जमिनीवर ठरतं. बाराबोअरची एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, तीस-चाळीस मीटरपर्यंत खरं काम करते, पुढं छरे पसरतात आणि जनावर नुसतं जखमी होऊन रानात शिरतं. जखमी डुक्कर सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर येतं. रायफलीची एक गोळी नेमकी लागते. पण हीच गोळी चुकली तर किलोमीटरभर पुढंही माणूस मारू शकते. त्यामुळं माळा उंचावर असेल, गोळी खाली मातीत जाणार असेल, मागं चढाचा उतार असेल, तिथंच रायफल. काकती-उचगावसारख्या सपाट शिवारात, जिथं रताळ्याच्या वावरापलीकडं दुसऱ्याची वस्ती आहे, तिथं .३१५ कुणी घेऊ नये. तिथं बाराबोअरच बरी. आणि हाकलण्यासाठी रायफलीचा बार हवेत काढणं तर कधीच नको, वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच. त्याला डबे, फटाके, कुत्री आहेत.

दुकानात "शिकारी रायफल" म्हणून ती दाखवतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली आहे. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नसतो. पीक खाणाऱ्या डुकरावर गोळी घालायची तर वनखात्याची लेखी परवानगी हातात पाहिजे. गव्यावर तर नाहीच नाही, त्यानं कितीही भात तुडवला तरी भरपाईचा अर्ज करायचा. गवा आपल्या रानाचं वैभव आहे आणि त्याच्यावर नळी रोखणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. डुकरांसाठी पिठात गुंडाळून गावठी बॉम्ब ठेवणारे तर त्याहून वाईट. जबडा फुटलेली गाय बघितली की पोटात कालवतं.

भीमगड अभयारण्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं मुख्य वन्यजीव रक्षकांकडं नाव नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय निघत नाही. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात फाइल का अडकली म्हणून हेलपाटे घालणाऱ्यांनी आधी हे बघावं. आपल्या सीमाभागात अजून एक घोटाळा होतो. सोयरीक महाराष्ट्रात चंदगडला, शेत कर्नाटकात खानापूरला. परवाना कर्नाटकापुरता असेल तर रायफल गाडीत टाकून हद्द ओलांडता येत नाही, पाहुण्यांच्या उसात डुकरं कितीही असली तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. घरात आजोबांची ठासणीची आणि वडिलांची दुनळी अशी दोन आधीच तुमच्या नावावर असतील, तर रायफल घ्यायच्या आधी त्यातली एक कमी करावी लागेल.

पावसाचं वेगळं सांगायला नको. कणकुंबीचा पाऊस लाकूड फुगवतो आणि लोखंड खातो. बार काढला असेल तर त्याच रात्री नळीतून पुल-थ्रूनं, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीनं, चिंदी फिरवा, पहिली कोरडी, मग तेलाची. बार नसला काढला तरी जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी बोल्ट बाहेर काढून पुसा. रायफल कापडी पिशवीत घालून भिंतीला टेकवू नका, पिशवी ओल धरते. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायच्या आधी तेलाचा जाड हात द्या. तिथं महिना-दोन महिने कुणी तिला हात लावणार नाही. जमा करताना नंबरासकट पावती घ्या.

भाच्यासाठी शेवटी दोन पर्याय उरले, नवी आणि एका निवृत्त गृहस्थांची वापरलेली. वापरलेली स्वस्त आणि लाकूड देखणं. पण बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळत नव्हता. या घडणीत बोल्ट ज्या त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. दुसरा बोल्ट बसतो, चालतोही, पण काडतूस मागं किती घट्ट बसलं याचा भरवसा राहत नाही, आणि ते सगळं आपल्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतं. दुकानदारानंही घेऊ नका असंच सांगितलं. नवी सांगून आलो आहोत. दस्ता कापून झाला की भाचा ती घेऊन येईल.